पिंजऱ्यातली पिवळी कण्हेर

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहाच्या सुमाराला, गच्चीवरून सुनेची, महेश्वरीची, हाक आली. "आत्या! अहो आत्या, लौकर वर या!"

धुरपताबाई गुडघ्यावर हात रेटत जिना चढून वर पोचल्या, तेव्हा पिंजऱ्याच्या तळाशी तीन पाखरं उताणी पडली होती. दोन हिरवी, एक निळं. चौथा, पिवळा, हळद्या नावाचा, कोपऱ्यातल्या चपट्या फळीवर पिसं फुलवून गप्प बसला होता. आणि मेलेल्या तिघांच्या वर, पिंजऱ्याच्या मधोमध, एक नवीच दांडी आडवी बसवलेली होती. हिरवट, बोटभर जाडीची, दोन्ही टोकांना खाच पाडून गजांत चपखल अडकवलेली.

उत्तरेश्वर, त्यांचा मुलगा, खालून धावत आला. तुळजापुरात देवळाच्या मागच्या उतारावर त्याचं लॉज होतं. तळाला काउंटर आणि दोन दुकानं, पहिल्या मजल्यावर भक्तांच्या खोल्या, दुसऱ्यावर घर आणि वर गच्ची. त्यानं दांडी खसकन ओढून काढली. टोकाला नख लावलं. पांढरा चीक आला.

"कण्हेर हाय ही," दांडी आईच्या हातात देत तो म्हणाला. "पिवळी कण्हेर. जहर."

दोघंही धुरपताबाईंकडं बघत राहिले. ह्या घरात पाखरांना झाडाची दांडी करून घालणारं माणूस एकच होतं. दोऱ्यात पाखराची नखं गुंततात, तार पायाला कापते, म्हणून नुसत्या खाचेवर दांडी बसवायची पद्धतही त्यांचीच.

"मी न्हाय बसवली," धुरपताबाई म्हणाल्या.

"मग कुणी? देवी तर शिलंगण करून कोजागिरीपर्यंत पलंगावर निजलीय, ती यायची न्हाय दांडी बसवायला."

"उत्तरेश्वर, मी एकतीस वरसं झाडंच बघितली."

"आणि श्रावणात टाकीचा नळ सोडून झोपलीस ती कोण? सख्ख्या नातीला तुझ्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारतीस ती कोण?" त्याचा आवाज फाटला. "आई, तू खालच्या भक्तांच्या लेकरांना गवती चहाचा काढा देतीस. आज पाखरं गेली. उद्या एखादं लेकरू गेलं तर? चार दिवसांवर कोजागिरी. घरात पाय ठेवायला जागा उरायची न्हाय."

त्यानं सगळ्यांना खाली आणलं, खिशातून कुलूप काढून गच्चीच्या दाराला लावलं. मग आईनं खाली उतरू नये म्हणून घराच्या जिन्याच्या जाळीलाही दुसरं लावलं.

"सोलापुरात चांगली सोय हाय म्हाताऱ्या माणसांची. रविवारी सकाळी गाडी येईल," तो म्हणाला. आणि आईकडं न बघता खाली गेला.

२

पाखरं मुळात उत्तरेश्वरच्या लेकीची, राजनंदिनीची होती. नात लातूरला नर्सिंग शिकायला गेली आणि जाताना पिंजरा आजीच्या हवाली करून गेली. "आज्जी, तुझ्याच भरवशावर हं." लोक लव्हबर्ड म्हणतात तसली ती पाखरं. दुकानदारानं पिंजऱ्यात प्लास्टिकची सरळसोट दांडी दिली होती. सहा महिन्यांत हळद्याच्या तळपायाला फोड आला आणि तो लंगडा झाला. धुरपताबाईंनी ती दांडी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली.

झाडाची फांदी कुठं जाड, कुठं बारीक असते. पाखरू हवी तिथं बसतं, पायाला आराम पडतो, साल कुरतडून चोच झिजवतं. पण फांदी पारखून घ्यावी लागते. पेरू चालतो, बाभूळ काटे काढून चालते, कडुनिंब चालतो. रस्त्याच्या कडेची धुरकटलेली नको, फवारलेली तर नकोच नको. आणली की कढत मिठाच्या पाण्यात बुडवायची, काथ्यानं घासायची, तीन दिवस कडक उन्हात ठेवायची. मगच आत. प्रत्येक दांडी त्यांनी अशीच केली होती आणि प्रत्येक वेळी दुसरं टोक धरायला महेश्वरी होती.

आता त्या आपल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. कुलूप लावायच्या आधी तीन पाखरं पदरात घालून आणली होती तेवढीच. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला होत्या, तेव्हा मिळणाऱ्या सुकडीची चव अजून जिभेवर होती. पुढं तेरच्या रोपवाटिकेत लागल्या. तेरणेचं पाणी झारीनं घालून वाढवलेल्या रोपांच्या ओळी डोळे मिटले की दिसत. डोळे बांधून कुणी हातात काडी दिली तर झाड सांगत असत. साहेब लोक त्यावर पैजा लावत.

पण काल संध्याकाळी आपण काय केलं? दुपारी पुरणपोळी जड झाली म्हणून आडव्या झालो. उठलो. आपटा घेऊन आलेल्यांना पानं दिली. मग? गच्चीवर गेलो होतो का? धुरपताबाईंना आठवेना. पन्नास वर्षांपूर्वीचं पान नि पान आठवत होतं आणि कालच्या संध्याकाळचं पुढचं सगळं धुतलेल्या पाटीसारखं कोरं होतं.

म्हणजे उत्तरेश्वर म्हणतो तेच खरं असेल काय?

कुलूप जाळीला होतं, पण खरी कोंडी ही होती.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चैत्रात झालं होतं, उजव्यातला मोतीबिंदू राहिला होता. त्यांनी उजवा डोळा मिटला आणि एकेक पाखरू उजेडात धरलं. तिघांच्याही चोचींना लालसर डाग होता. नखांनाही. निळ्याच्या छातीवर पिसं एका ठिकाणी चिकटून कडक झाली होती. त्यांनी बोटानं चाचपलं. वाळलेला चीक. मुगाएवढा थेंब.

त्यांनी पाखरांना जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलं आणि गॅलरीतल्या तगरीच्या कुंडीत पुरलं. हात धुताना त्या मध्येच थांबल्या. पाणी तसंच वाहत राहिलं.

पाखरू अंगावर पडलेलं काही राहू देत नाही. थेंब पडला की लगेच चोचीनं साफ करतं. निळ्यानं छातीवरचा चीक वाळू दिला, म्हणजे तो पडला तेव्हा निळं उताणं होतं. आधीच मेलेलं.

कण्हेर नंतर आली होती.

३

त्यांच्या गॅलरीच्या जाळीला तळाशी वीतभर मोकळी जागा होती. तिथून दोरीनं टोपली सोडायची, की खाली शांतम्माच्या दुकानापर्यंत पोचायची. शांतम्मा देवीच्या माळा करायची. अक्कलकोटकडची, अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि आवाज असा की बसस्टँडवर ऐकू जावा.

तिच्यावर संशय घ्यायला जागा होती. पाखरांची टरफलं उडून तिच्या ओल्या फुलांवर पडत, त्यावरून महिन्यातून एकदा तरी भांडण होई. मागच्या चढावरच्या अंगणातल्या उंच कण्हेरीची फुलंही रोज पहाटे तीच तोडायची.

"शांतम्मा! टोपली सोडलीय."

"काय घालू अव्वा? शेवंती?"

"शेवंती नको. काल, न्हाय, आज पहाटे कण्हेर कुणी तोडली?"

शांतम्मा कंबरेवर हात ठेवून वर बघत उभी राहिली. "मला इचारता? तुमची पाखरं मी मारली म्हणून? अव्वा, मी भांडते तोंडानं. हातानं भांडायचं असतं तर तुमच्या लेकाला कधीच चोपला असता, दुकानाचं पत्रं गळतंय तीन वरसं."

"तुझ्यावर आळ घेत न्हाय गं. काय बघितलंस ते सांग."

"साडेपाचला फुलं तोडाया गेले. वरून टपटप काहीतर माझ्या डोक्यावर. बघते तर चीक. वरची फांदी, गच्चीच्या कठड्याला टेकलेली, ती कापलेली. ताजी. खालून कुणाचा हात पोचत न्हाय तिथं. शिडी लावली तरी."

"उत्तरेश्वर कुठं होता?"

"चारपासून काउंटरला. गर्दी निघाली ना दसऱ्याची. मीच चहा दिला दोनदा, बिनपैशाचा."

गच्चीवर जायला वाट एकच होती, दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून. पहाटे साडेपाचला त्या घरात दोनच माणसं होती. एक धुरपताबाई.

त्यांनी दोरी घट्ट धरली. "शांतम्मा, सकाळी उत्तरेश्वरनं पिंजऱ्याच्या तळाचा कागद खाली फेकला. तो मिळंल का?"

"कचऱ्याच्या डब्यात हात घालू?"

"घाल."

"शिवा शिवा," असं म्हणत शांतम्मा वाकली. दहा मिनिटांनी टोपली वर आली. चुरगळलेल्या वर्तमानपत्रात राळ्याची टरफलं होती आणि त्यात मिसळलेल्या सालीच्या चिंध्या. लांब, धाग्यासारख्या. कुठं कुठं लाल.

कण्हेरीची दांडी धुरपताबाईंनी सकाळी हाताळली होती. तिच्यावर चोचीची एक खूण नव्हती. आणि कण्हेरीची साल अशी धाग्यानं सुटतच नाही. त्यांनी चिंधी दोन बोटांत फिरवली, नाकाशी नेली. पैज लावायला साहेब नव्हता, पण उत्तर आलं.

द्राक्षाची वेल.

४

द्राक्षाची बाग नात्यातल्या एकाच माणसाची होती. रणधीर, महेश्वरीचा धाकटा भाऊ. सोलापूर रस्त्याला चार एकर. कुठल्याशा लग्नात जेवणाच्या पंगतीवरून त्याची आणि उत्तरेश्वरची जुंपली होती. दोन वर्षं येणंजाणं बंद होतं. महेश्वरीनं रडून-समजावून ह्या दसऱ्याला त्याला घरात आणलं होतं. तो आपटा घेऊन आला, दाजींच्या पाया पडला, आणि उत्तरेश्वरनं त्याला जेवूनच जा म्हटलं. तेव्हा महेश्वरी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी होती, हे धुरपताबाईंनी बघितलं होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी फोन लावला.

"रणधीर, छाटणी झाली का रे?"

"झाली की मावशी. पेस्ट पण लावली बुधवारी. चांगला डोळा फुटंल आता."

छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना कोंब लौकर यावा म्हणून बागाईतदार एक औषध चोळतात. जालीम असतं. लावणारा गडी हातमोजे घालतो, दिवसभर तोंड बांधून ठेवतो.

"लाल रंग टाकता का रे त्यात?"

"टाकतो ना. न्हाईतर कुठली वेल झाली, कुठली राह्यली, गड्याला कळत न्हाय."

"मी तुला भादव्यात म्हणाले होते, छाटलेलं लाकूड आण म्हणून. औषधाच्या आधीचं. बांधावर वाळलेलं."

पलीकडून फक्त पंपाचा आवाज आला.

"ते... राहूनच गेलं मावशी," रणधीर म्हणाला. "पाखरांचं वाईट झालं. ठेवू का? पाणी सुटलंय."

फोन बंद झाला. धुरपताबाईंनी तो उशाला ठेवला. वरून, बंद गच्चीतून, हळद्या एकटाच ओरडत होता. हळद्याला लंगड्या पायानं दांडी धरता येत नसे. तो त्या वेलीवर बसलाच नव्हता, म्हणून वाचला. तो आपल्याला बोलावतोय असं त्यांना वाटलं, आणि मध्ये दोन कुलपं.

वेल आत कोणी घातली आणि कण्हेर कोणी, हे अजून बाकी होतं. आपणच तर नव्हे? दसऱ्याची संध्याकाळ अजून कोरीच होती.

दार ढकलून महेश्वरी ताट घेऊन आली.

५

"जेवून घ्या, आत्या."

ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट वरण आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. महेश्वरीचे डोळे सुजलेले होते. ती ताट ठेवून वळली.

धुरपताबाईंनी ताटाकडं बघितलं. काल दुपारी पिठलं होतं. काल रात्री दही-भात. आज हे. परवा आणलेली पाटीभर वांगी आणि गवार जाळीतल्या टोपलीत तशीच सुकत होती. ह्या सुनेच्या हातची भाजी रोज दोन प्रकारची असे; विळीवर बसली की तिचा हात दिसत नसे. आणि तिला दोन दिवस कांदासुद्धा चिरावासा वाटला नाही?

"महेश्वरी, विळी कुठंय गं?"

ती दारात थांबली. पाठमोरीच.

"घासून ठेवलीय."

"कुठं?"

"उन्हात. गॅलरीत."

धुरपताबाई उठल्या, भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या गॅलरीत गेल्या. विळी तिथं उलटी टेकवलेली होती. राखेनं घासून घासून पातं चांदीसारखं केलं होतं. लाकडी पाटाच्या सांध्यात मात्र पांढुरकं काहीतरी सुकून बसलं होतं. त्यांनी बोटानं खरवडलं नाही. गरज नव्हती.

काल सकाळी हाताळलेल्या दांडीच्या खाचा बोटांना आठवल्या. धुरपताबाई खाच पाडायच्या ती रोपवाटिकेतल्या जुन्या कातरीनं. एकच चाप, कड दबलेली. कण्हेरीच्या खाचा तिरप्या होत्या, थरथर सोललेल्या. लाकूड पात्यावर रेटून पाडलेल्या. विळीवर.

दोन दिवस गळ्याशी असलेला फास सुटला होता. मी नव्हते. ती संध्याकाळ आठवो न आठवो, माझे हात मला सोडून गेले नव्हते.

मागं वळल्या तेव्हा महेश्वरी भिंतीला टेकून खाली बसली होती. तोंडावर पदर.

"उद्या गाडी येईल," धुरपताबाई म्हणाल्या. "मी उत्तरेश्वरला जे दिसलं ते सांगणार. कुणाचं नाव घेणार न्हाय. पुढचं तू बघ."

६

रविवारी सकाळी उत्तरेश्वरनं जाळी उघडली. त्याच्या हातात नवी बॅग होती, किंमतीची चिठ्ठी अजून लटकत असलेली. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"बस," धुरपताबाई म्हणाल्या.

"आई, गाडी थांबलीय."

"थांबू दे. पाखरांचं ऐक, मग मी बॅग माझी मी भरते."

त्यांनी टोपलीतला कागद त्याच्यापुढं पसरला. निळ्याच्या छातीवरचा चिकाचा थेंब सांगितला. मेलेल्या पाखरावरच तो तसा वाळू शकतो हे सांगितलं. कण्हेरीवर चोच लागली नव्हती, आणि हळद्या दांडीवर न बसल्यानं वाचला, म्हणजे मारलं ते दांडीनंच, पण दुसऱ्या दांडीनं. सालीच्या लाल चिंध्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"ही द्राक्षाची वेल. पेस्ट लावलेली. कुणीतरी गुरुवारी, दसऱ्याच्या दिवशी, आत बसवली. पाखरं मेलेली बघितली, वेल काढली आणि साडेपाचला कठड्यावरून कण्हेर कापून तिच्या जागी लावली. विळीवर खाच पाडून."

उत्तरेश्वरनं चिंधीकडं बघितलं, मग आईकडं. "कुणीतरी म्हणजे?"

खाली हॉर्न पुन्हा वाजला. दाराच्या चौकटीत महेश्वरी उभी होती.

"मी," ती म्हणाली.

"काय मी?"

"वेल मी बसवली. रणधीरनं आणून दिली होती, आत्या झोपल्या होत्या. वळणदार होती, लई छान दिसत होती. म्हटलं, उठल्यावर आत्यांना दाखवू, मग पाव्हण्यांत राहूनच गेलं. धुतली न्हाय, वाळवली न्हाय. त्यानंही बघितलं न्हाय कुठल्या ओळीतनं कापली ते. पहाटे गेले तर..." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दोन वरसांनी तुम्ही त्याला जेवूनच जा म्हणालात. आणि त्याच्या हातनं हे झालं. कळलं असतं तर परत उंबरा दिसला असता का त्याला?"

"म्हणून आईवर?"

"मला वाटलं, म्हातारं माणूस हाय, चुकलं म्हणतील, दोन दिवसांत इसरतील. तुम्ही कुलूप लावाल, गाडी बोलवाल, हे मला काय ठाऊक? मग तोंडच उघडंना. वेल बंबात घातली. रोज म्हणायचे, आज सांगते, आज सांगते."

उत्तरेश्वर ताडकन उठला. "बोलाव त्या रणधीरला! आत्ता!"

"खाली बस," धुरपताबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण तो बसला. "द्राक्षाचं लाकूड मागितलं मी. भादव्यात मागितलं, पुढं ऐन छाटणीत त्याला आठवण करायची मीच राह्यले. औषध कधी लागतं हे मला ठाऊक, त्या पोराला पाखरांचं काय ठाऊक? त्यानं वळण बघून वेल कापली. तुझ्या बायकोनं खोटं केलं, ते तिचं तिला मी सांगेन, सवडीनं. सोडायची न्हाय. पण हिनं एका दांडीवरनं मला येडी ठरवली आणि तू त्या दांडीवरनं मला गाडीत घालायला निघालास. दोघांत जास्त कुणी केलं, ते मला सांगू नकोस."

उत्तरेश्वरनं बॅगेवरची चिठ्ठी उगाच ओढून तोडली. मग उठून गॅलरीत गेला आणि जाळीतून ओरडला, "गाडी परत न्या! न्हाय, कुणी येत न्हाय!" खालून शांतम्माचा आवाज आला, "आता पत्र्याचं पण बघा!"

तो आत आला. कुलपाच्या दोन किल्ल्या आईपुढं धरल्या.

"किल्ल्या मला कशाला?" त्या म्हणाल्या. "कुलपं काढ."

जाळीचं कुलूप त्यानं काढलं. मग वर जाऊन गच्चीचं काढलं. दार उघडलं तसा उजेड जिन्यावर पसरला आणि हळद्या चिरकला.

धुरपताबाई एकेक पायरी चढून वर गेल्या. कोपऱ्यात पेरूची फांदी होती, सोमवारी घासून वाळत टाकलेली, दसऱ्याच्या धांदलीत राहून गेलेली. तीन दिवसांऐवजी सहा दिवस ऊन खाल्लेली. त्यांनी ती हातावर तोलली, एक टोक जाड, एक बारीक. पंज्याला आधार मिळेल अशी चपटी गाठ मध्यावर होती.

महेश्वरी दारातच उभी होती, आत यावं की न यावं अशी.

धुरपताबाईंनी कातर काढली. फांदीचं एक टोक स्वतःच्या गुडघ्यावर टेकवलं. दुसरं टोक हवेत राहिलं.

"धर," त्या म्हणाल्या. "आणि विळी टाकून दे. मला उद्या वांग्याची भाजी पाहिजे, नव्या विळीवर चिरलेली."